बिनआवाजाची गाडी

जेवता जेवता मेकॅनिक म्हणाला, "आपली गाडी काढून टाकू. इलेक्ट्रिक घेऊ." बायकोच्या हातातला डाव तसाच पातेल्यात राहिला.

बत्तीस वर्षं गॅरेज चालवलेला हा माणूस इलेक्ट्रिक गाडीला 'चाकं लावलेला मोबाइल' म्हणायचा. शेजारच्या मास्तरांनी तशी गाडी घेतली, तेव्हा "ढकलायला सोबत कोणी असतं ना?" असं त्यांना तोंडावर विचारून आला होता. स्वतःच्या जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन त्याने दोनदा आपल्या हातांनी उतरवून पुन्हा बांधलं होतं. तीच गाडी आता काढायची म्हणे.

"का?" तिने विचारलं.

"धूर नाही. ऑइल बदलायला नको, क्लच प्लेट नको, सायलेन्सर सडायला नको. घरी प्लगला लावली की झालं."

"आणि वीज काय आभाळातून पडते? कोळसा जाळूनच येते ना?" वीस वर्षं ती गॅरेजच्या टेबलाशी बसत होती. तिला शेंडी लावणं सोपं नव्हतं.

"येते. पण पेट्रोलचं इंजिन निम्म्याहून जास्त ताकद नुसतं तापण्यात घालवतं. बॅटरी बनवायचा धूर धरला, तरी काही वर्षांत हीच गाडी बरी पडते."

बोलणं सगळं खरं होतं, आणि म्हणूनच तिला ते खटकलं. बत्तीस वर्षं धूर खाल्लेल्या माणसाला एकाएकी हवेचा पुळका कुठून आला?

पहिला संशय लेकीवर गेला. तिने फोन लावला तर लेक म्हणाली, "मी कशाला सांगू? उलट बाबांनीच मला तासभर समजावलं." मग दुसरा संशय आला, आणि त्याने तिची झोप उडवली. हा गॅरेज बंद करायच्या बेतात तर नाही? गॅरेज गेलं तर याने करायचं काय, आणि तिने तरी दिवसभर बसायचं कुठे?

तिने त्याच्यावर नजर ठेवली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि आतलं दुखणं ऐकायचं, ही त्याची जुनी पद्धत. पण पूर्वी ते अवघड केसपुरतं असे. आता प्रत्येक गाडीला स्क्रूड्रायव्हर लागत होता. एक टॅक्सी आली ती एवढी खडखडत, की समोरच्या दुकानातल्या शिंप्याने मशीन थांबवून मान वर केली. मेकॅनिकने मात्र शांतपणे आधी स्क्रूड्रायव्हर शोधला. तिच्या मनात पाल चुकचुकली.

घरी जाताना जुन्या गाडीचा बेल्ट केकाटत होता. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते, हा मात्र ढिम्म. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मी उद्यापासून गॅरेजला येणार नाही."

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला.

"स्वयंपाकघरात हत्ती बांधलाय."

"बरोबर आहे तुझं."

घरी शब्दाला शब्द लावणारा हा माणूस गेली दोन वर्षं गाडीत बसला की तिचं सगळं मान्य करत होता. बहिणींपुढे तिने त्याची फुशारकीही मारली होती. आणि याला काही ऐकूच येत नव्हतं!

मग तिला राग आला. म्हणजे इलेक्ट्रिक गाडीचं हे सोंग यासाठी होतं तर. आवाजच नसलेली गाडी घेतली की कान गेल्याचं कुणाला कळणार नाही, बायकोलाही नाही.

रविवारी मास्तरांनी आपली गाडी फेरी मारायला दिली. आज याला उघडा पाडायचाच, असं ठरवून ती बसली. गाडी निघाली ते तिला कळलंसुद्धा नाही. चौक मागे पडला. शब्द जुळेनात, तेव्हा ती काचेकडे बघत स्वतःशीच म्हणाली, "किती फसवलंत मला."

"फसवलं नाही," तो म्हणाला. "सांगायचा धीर झाला नाही."

ती गर्रकन वळली. "ऐकू आलं?"

"इथे येतं. घरच्यासारखं शांत असलं की येतं. गॅरेजमध्ये स्क्रूड्रायव्हरवर भागतं, हाड अजून ऐकतं. पण आपल्या गाडीत इंजिन तुझा आवाज खाऊन टाकतं. तू शेजारी बसून बोलतेस आणि मी अंदाजाने मान हलवतो. दोन वर्षं झाली."

"आणि धूर, क्लच प्लेट?"

"तेही खरंच आहे. पण ते मला आधीपासून माहीत होतं."

मग दोन वर्षांचं साचलेलं तिने पहिल्यापासून काढलं. गच्चीची गळती, लेकीची नोकरी, त्याच्या भावाने लग्नात केलेला अपमान.

"थांब," तो म्हणाला. "भावाचं साफ चुकीचं आहे तुझं."

इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. "पुढच्या चौकातून वळवू नका," ती म्हणाली. "अजून एक फेरी घ्या."