पोटाला भोक असलेला कॅट

मित्रांनो, मी पत्त्यांचा एक जुना कॅट आहे आणि माझ्या पोटाला भोक आहे. हसू नका! राजाच्या छातीतून, राणीच्या गळ्यातून, बावन्नही पानांतून ते आरपार गेलं आहे. मला त्याची लाज वाटत नाही. ते कसं पडलं आणि कोणाच्या कामी आलं, ते सांगितल्याशिवाय मी आज गप्प बसणार नाही.

छापखान्यातून निघालो तो थेट काठमांडूच्या एका कॅसिनोत कामाला लागलो. नोकरी किती दिवसांची? अहो, जेमतेम आठ तासांची! एकवीसच्या टेबलावर मला पिसलं, वाटलं, गोळा केलं, पुन्हा पिसलं. तिथली रीतच अशी, की वापरलेला कॅट टेबलावर परत येऊ द्यायचा नाही. कोणी पानावर खूण करून ठेवली असली तर? म्हणून यंत्राखाली दाबून भोक पाडतात आणि मागेल त्याला देऊन टाकतात. मला हेमचंद्रांनी मागून घेतलं आणि बहरीनला आणलं. वय एक दिवस, आणि मी सेवानिवृत्त!

हेमचंद्र मूळचे पुण्याचे, बहरीनमध्ये अकाउंटंट. तिथल्या अदलिया भागात त्यांचं बिऱ्हाड होतं. पण त्यांचा जीव होता एकवीसच्या खेळात. पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितकं चांगलं, एकवीसच्या वर गेलात की बुडालात. कधी पान मागायचं आणि कधी थांबायचं, याची गणितं मांडून त्यांनी वह्याच्या वह्या भरल्या होत्या. बहरीनमध्ये कॅसिनो नव्हता. हौशी मंडळी सुट्टीत काठमांडूला जायची आणि त्याआधी शुक्रवारी सकाळी हेमचंद्रांच्या हॉलमध्ये शिकायला बसायची. त्या शाळेची पाटी म्हणजे मी. काय मान होता माझा! भजी खाल्लेल्या हातांनी कोणी मला शिवलं, तर हेमचंद्रांची बायको, सुनंदावहिनी, सरळ उठवून हात धुवायला पाठवत.

एवढी गिऱ्हाइकं पाठवणारा माणूस कॅसिनोच्या नजरेत भरला. दरवर्षी पत्र येऊ लागलं. खोली फुकट, जेवण फुकट, तिकीटसुद्धा कॅसिनोचं. हेमचंद्र खुशीत जाऊ लागले आणि इथेच माशी शिंकली.

शिकून गेलेले लोक हरून परत यायचे. त्यांत रावजींचा आवाज सगळ्यांत मोठा. ते भर हॉलमध्ये म्हणाले, "हेमचंद्र, तू कॅसिनोचा जावई आहेस! आम्हाला अर्धंच शिकवतोस. खरी मेख स्वतःजवळ ठेवतोस, म्हणून तर ते तुला पोसतात."

"मेख नाहीच रे," हेमचंद्र म्हणाले. कोणाला पटलं नाही. एकेक करून सगळे यायचे बंद झाले. मी शोकेसच्या खणात पडलो. दोन उन्हाळ्यांत माझ्याभोवतीचं रबरबँड वितळून अंगाला चिकटलं, तरी कोणी बघितलं नाही. खूप वाईट वाटायचं, मित्रांनो.

मग सत्त्याण्णव साली सलील आला. ईसा टाउनला राहणारा ड्राफ्ट्समन. त्याची कंपनी बंद होत होती. अकरा वर्षांच्या नोकरीची सेटलमेंटची रक्कम हातात आली होती आणि सोलापूरला घर बांधायचं होतं.

"भाऊ, आधी काठमांडूला जातो," तो म्हणाला. "पैसे दुप्पट झाले, की वरचा मजलाही चढेल. ती मेख तेवढी सांगा."

"सलील, जाऊ नकोस."

सलील हसला. "रावजी म्हणालेच होते, की तुम्ही हेच म्हणाल."

सलील गेला. हेमचंद्र मनापासून खरं बोलले, आणि ते फुकटच्या खोलीमुळे खोटं ठरलं! मग ते ताडकन उठले. "सुनंदा, कॅट कुठे आहे?"

शुक्रवारी त्यांनी सलील आणि रावजी दोघांनाही बोलावलं. वहिनींनी नखाने खरवडून माझं रबर काढलं. खालच्या ताहिरभाईंच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे वाणसामानाच्या दुकानातून, खारे चणे आणले आणि दोन वाट्यांत सारखे भरले. हेमचंद्रांनी सलीलला पत्ते वाटणाऱ्याच्या खुर्चीत बसवलं.

"आज तू कॅसिनो. तुला डोकं चालवायचं नाही. सोळापर्यंत पान घ्यायचं, सतरा झाले की थांबायचं. मी माझी सगळी विद्या लावून खेळतो."

मी खरं सांगतो, हेमचंद्रच जिंकले तर, अशी मला धास्ती होती. पानं काय पडावीत, हे माझ्या हातात नसतं हो! आणि झालंही तसंच. दुपारपर्यंत हेमचंद्रांची वाटी शिगोशीग भरली. रावजींनी मांडीवर थाप मारली. "बघ सलील! आणि आपल्याला म्हणतो जाऊ नका!"

सलीलचे डोळे चमकले. "भाऊ, जिंकलात की. आता उठा."

"तिथे कोणी उठत नाही," हेमचंद्र म्हणाले. "आठ वर्षांत मी एकदाही उठलेलो नाही. वाट."

सुनंदावहिनींच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. हेमचंद्र दरवर्षी हरूनच परत येत, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. सलील वाटत राहिला. पाच वाजता दोन्ही वाट्या सारख्या झाल्या. हेमचंद्र एकवीसच्या वर जाऊन बुडायचे आणि सलील त्यांचे चणे ओढायचा. पुढे तो स्वतः बुडाला असता तरी चणे त्याचेच, कारण पानं आधी खेळणारा घेतो आणि आधी तोच बुडतो. सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली, तेव्हा हेमचंद्रांच्या वाटीत फक्त मीठ उरलं होतं.

"सलील, तुला हा खेळ येतो?"

"नाही, भाऊ."

"मग मला हरवलंस कसं?"

सलीलने स्वतःच्या वाटीकडे पाहिलं, मग बसल्या जागेकडे. "मी नाही हरवलं," तो हळूच म्हणाला. "ही खुर्ची जिंकली."

"हीच मेख. ती त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. आणि रावजी, जावई म्हणालास ते खरं होतं. मी फुकटचं खाल्लं, म्हणून माझ्या शब्दाला किंमत उरली नाही." त्यांनी त्या वर्षीचं पत्र काढलं, मागे 'येणार नाही' असं लिहिलं आणि पाकिटात घातलं.

रावजींनी सलीलच्या वाटीत हात घातला. मग चणे तोंडात टाकत म्हणाले, "जावयाने सासर सोडलं म्हणायचं!" पण त्यात टोचणी नव्हती.

सलील उठला. जाता जाता त्याने मला मागून घेतलं. पुढच्या आठवड्यात तो काठमांडूच्या नाही, थेट मुंबईच्या विमानात बसला. सोलापूरला घर झालं, एकाच मजल्याचं. भोकातून दोरा ओवून त्याने मला दाराजवळच्या खिळ्याला टांगलं आहे.

मित्रांनो, माझ्याशी खेळा, पण मला भिजवू नका, माझी पानं हरवू नका. पण एक लक्षात ठेवा. मी टेबलावर परत जाऊ नये म्हणून लोकांनी मला भोक पाडलं. तुम्हाला असं भोक कोणी पाडून देणार नाही. तुम्हाला स्वतःच उठावं लागेल.