एकोणपन्नासावी पट्टी

थोरल्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी त्यांच्याच पियानोतली तारेवर आपटणारी एक लाकडी हातोडी काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली. तीस वर्षांहून जास्त काळ मी पियानो जुळवते आहे. कोणाच्या वाद्याचा एक स्क्रूही कधी मुद्दाम ढिला केला नव्हता. त्या सकाळी केला.

थोरले म्हणजे ज्यांच्या रचना शिकाऊ मुलांपासून मोठ्या वाद्यवृंदांपर्यंत सगळे वाजवतात ते. वारले त्याला वीस वर्षं झाली. त्यांच्या घराचं आता स्मारक झालं आहे आणि तिथे त्यांचा चष्मा, छत्री, एवढंच काय झिजलेले बूटसुद्धा काचेच्या पेटीत मांडले आहेत. त्यांचा मुलगा हे सगळं सांभाळतो. त्याची साठी उलटली, तरी लोक त्याला धाकटेच म्हणतात.

माझी आई थोरल्यांची नक्कलनवीस होती. थोरल्यांचं अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. त्यांनी खरडलेली पानं आई घरी आणायची, रात्रंदिवस खपून स्वच्छ उतरवायची आणि गठ्ठा बांधून परत द्यायची. थोरले प्रत्येक रचनेखाली सही ठोकायचे. त्यामुळे आज स्मारकात ‘हस्तलिखित’ म्हणून जे काही मिरवतं, ते झाडून सगळं आईच्या हातचं आहे. थोरल्यांची फक्त सही.

त्यांची सगळ्यात गाजलेली रचना म्हणजे ‘वर्ज्य’. हे नाव त्यांनी दिलं नाही, लोकांनी दिलं. तीत मधल्या सप्तकातला धैवत एकदाही वाजत नाही. गंमत म्हणजे वरचा धैवत वाजतो, खालचा वाजतो, फक्त मधली ती एकच पट्टी, डावीकडून एकोणपन्नासावी, शेवटपर्यंत अस्पर्श राहते. सूर तिच्या जवळ येतो आणि वळसा घालून जातो. या वळशावर एका अभ्यासकाने दोनशे चाळीस पानांचं पुस्तक लिहिलं आहे. त्याच्या मते थोरल्यांची पत्नी तरुणपणी गेली, आणि ती पट्टी म्हणजे घराच्या मध्यातली तिची रिकामी जागा. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

कारण आमच्या घरच्या पियानोची ती हातोडी मोडलेली होती. बस्स, एवढंच तत्त्वज्ञान! पट्टी दाबली की नुसतं ‘खट्’. दुरुस्ती आज करू, उद्या करू म्हणत पंधरा वर्षं गेली. आई रात्री त्याच पियानोवर स्वतःचं काहीतरी बांधायची. त्या ‘खट्’ने तिचा जीव इतका उबायचा, की ती पट्टी टाळूनच तिने अख्खी रचना बांधली. पियानो दुरुस्त झाला की तिथे तिथे तो सूर घालायचा, असं तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं. तेवढ्यात एके दिवशी घाईघाईत गठ्ठा बांधताना तिची स्वतःची पानं थोरल्यांच्या पानांबरोबर गेली. अक्षर एकच, कागद एकच. परत आली ती छापूनच. खाली थोरल्यांची सही.

मी तेव्हा सहा वर्षांची. आई मला हाताला धरून त्यांच्याकडे गेली होती, आणि थोरले हसून जे म्हणाले ते मी आजही विसरलेले नाही.

“बाई, तुम्ही नक्कल फार छान करता. पण असं होतं कधीकधी. नक्कल करता करता माणसाला ते आपलंच वाटायला लागतं.”

आई नवा गठ्ठा उचलून घरी आली. पुढे ते असेपर्यंत ती नक्कल उतरवत राहिली.

आता माझी करणी ऐका. तेव्हा ते कशाबद्दल बोलत होते, हे मला काय कळणार? एकोणिसाव्या वर्षी मी पियानोचं काम शिकले आणि पहिलंच काम म्हणून, मोठ्या हौसेने, आईची ती पट्टी दुरुस्त केली. आईने ती दाबली. सूर वाजला. आई रडायला लागली, आणि त्या दिवशी मला सगळं सांगितलं. म्हणजे जगातला एकुलता एक पुरावा मी माझ्याच हाताने निकालात काढला होता. मोडकी हातोडी तेवढी ठेवून दिली. प्रत्येक हातोडीवर बनवणाऱ्याने आकडा घातलेला असतो. हिच्यावर होता एकोणपन्नास.

तेहतीस वर्षं ती माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. त्यातून आमचं काम सुरू होतं तेच मुळी या पट्टीपासून. आधी हिचा सूर लावायचा, मग बाकीच्या सगळ्यांचे. रोज सकाळी हिच्यावर बोट ठेवायचं आणि रोज दातओठ खायचे. शताब्दीसाठी पियानो जुळवायला धाकट्यांनी मलाच बोलावलं, तेव्हा मी इतक्या चटकन हो म्हटलं, की त्यांनाच नवल वाटलं.

आईला मात्र ओढून आणावं लागलं.

“मला कशाला नेतेस? टाळ्या वाजवायला?” ती म्हणाली.

“वाजवू नकोस. नुसती बस.”

अकरा वाजता दिवाणखाना खचाखच भरला. आई दुसऱ्या रांगेत बसली, मी पियानोजवळच्या दाराशी उभी राहिले. धाकट्यांनी भाषण केलं. “याच पियानोवर, याच खोलीत ‘वर्ज्य’ जन्माला आलं,” असं म्हणून पियानोवरून हात फिरवला. अभ्यासकाने रिकाम्या जागेवर वीस मिनिटं घेतली. मग वादक बसला. उंच, मितभाषी माणूस होता आणि त्याचा हात फार सुंदर होता.

‘वर्ज्य’ निर्वेध पार पडलं. पडणारच! ज्या पट्टीची हातोडी माझ्या खिशात होती, तिला त्या रचनेत हातच लागत नाही. लोकांनी डोळे पुसले. आई समोर भिंतीकडे बघत होती.

दुसरी रचना थोरल्यांची स्वतःची. तिची सुरुवातच मुळी त्या पट्टीवर होते.

खट्.

वादक थांबला. पुन्हा दाबून पाहिली. खट्. तिसऱ्यांदा खट्. धाकट्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते तरातरा माझ्याकडे आले. “काय हे? जुळवलात ना तुम्ही?”

“जुळवला. हातोडी मी काढली आहे,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि खिशातली हातोडी वर धरली. “आता एक काम करा. थोरल्यांच्या सगळ्या रचना काढा. यातली कोणती या पियानोवर वाजवता येते ते पाहा. फक्त एक. का? कारण ती अशाच पियानोवर बांधली गेली. तो इथे नव्हता. आमच्या घरी होता.”

दुसऱ्या खिशातून मी मोडकी हातोडी काढली आणि पियानोवर ठेवली. मग जे घडलं होतं ते सांगितलं, गठ्ठ्यासकट आणि थोरल्यांच्या त्या वाक्यासकट.

“हा निव्वळ खोडसाळपणा आहे!” धाकटे ओरडले. “एक मोडकी हातोडी काय सिद्ध करते?”

खरं होतं. काहीच नाही. पण वादक मोडक्या हातोडीकडे बघत होता. मग तो उठला आणि सरळ आईसमोर जाऊन उभा राहिला.

“हे वाजवताना दर वेळी वाटतं, की इथे काहीतरी अडलेलं आहे,” तो हळूच म्हणाला. “तुम्हाला तो सूर कुठे हवा होता?”

“सतरा ठिकाणी,” आई म्हणाली. जराही न थांबता.

ती उठली. तिची बोटं आता वाजवण्याजोगी राहिलेली नाहीत. “हस्तलिखित काढा,” ती धाकट्यांना म्हणाली. ते जागचे हलले नाहीत. पण शंभर माणसं त्यांच्याकडे बघत होती. पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “काढा की. भीती कसली?” काचेची पेटी उघडली.

तोवर मी हातोडी जागेवर बसवत होते. एकच स्क्रू. आई टेबलाशी बसली, पेन मागून घेतलं आणि लिहायला लागली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, चष्मा नाकावर घसरलेला, पण हात तोच. चौथ्या मात्रेत एक, ओळीच्या शेवटी एक. एकदाही अडली नाही, एकदाही मागे गेली नाही. शाईचा रंग सोडला, तर जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे ओळखू येईना. धाकटे वाकून बघत होते आणि त्यांना घाम फुटला होता. खाली त्यांच्या वडिलांची सही तशीच होती. वरचं सगळं, अगदी सगळं, समोर बसलेल्या बाईचं होतं.

वादकाने ती पानं घेतली आणि वाजवायला बसला. पहिला धैवत लागला, तशी अख्खी खोली ताठ झाली. शेहेचाळीस वर्षं जो सूर वळसा घालत होता, तो घरी आला. सतरावा लागला, तेव्हा अभ्यासकाने आपलं पुस्तक मांडीवरून उचलून खुर्चीखाली ठेवलं. ते बघून मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. आईने पेनाला टोपण लावलं आणि धाकट्यांच्या हातात दिलं.

“वाईट वाटून घेऊ नका,” ती म्हणाली. “असं होतं कधीकधी. सही करता करता माणसाला ते आपलंच वाटायला लागतं.”