सोनूबाईचं लिंबू आणि मी

मी पट्टी बोलतेय. मास्तरांच्या हातातली नव्हे हो, लोखंडाची. वीतभर लांब, दोन टोकांना दोन भोकं, अंगावर गंज. सध्या लांज्यात काशीरामदादांच्या गॅरेजात खिळ्याला लटकलेय.

शिकलेय मी सातवीपर्यंत. म्हणजे सातवीच्या बाकाला होते. पोरगं बसलं की माझं टोक हळूच चड्डी धरायचं. उठलं की टर्रर्र! सगळा वर्ग हसायचा, मी पण. मग घरंच्या घरं मुंबईला गेली, शाळेत चार पोरं उरली, आणि एक दिवस शाळाच बंद. बाकं भंगारात. तिथून काशीरामदादांनी मला उचललं. "जुनी हाय, पण चिवट हाय," बोलले. आमच्या खानदानात एवढं कौतुक कोणाचं झालं नव्हतं.

तेव्हा अजिंक्यची गाडी बनत होती. अजिंक्य बोटीवर कामाला. तीन आठवड्यांत परत बोट धरायची होती, आणि त्याआधी त्याला लांब फोर्कची, म्हणजे पुढच्या चाकाचे दांडे लांबवलेली, मोटरसायकल मिरवायची होती. पुढचं चाक एका गाडीचं, फोर्क भलताच. ब्रेकची प्लेट धरून ठेवायला त्या फोर्कवर काहीच नाय.

"नाय धरली तर काय होईल ओ?" अजिंक्यने विचारलं.

"ब्रेक मारलास की चाक प्लेटला पण गरागरा फिरवील. केबल गुंडाळली जाईल, चाक जाम, नि तू शेतात."

दादांनी फोर्कच्या नळीला लोखंडी कान वेल्ड केला. माझं एक टोक प्लेटला, दुसरं कानाला. बोल्ट, नट, आणि बोल्टच्या भोकातून दोन पायांची पीन, पाय फाकवून. "हिला हात लावायचा नाय. नट सैल झाला तरी ही त्याला पडू देत नाय."

मला मस्करीची जुनी खोड. पहिल्याच खड्ड्यात टकटक वाजले. अजिंक्य धावत गॅरेजात. सगळं घट्ट. आणखी दोनदा वाजले, दोनदा तो आला, दोनदा काय नाय. मज्जा आली, खोटं कशाला बोलू?

शनिवारी त्याची आई, सोनूबाई, लिंबू-मिरची घेऊन आली. "हँडलला बांध रे, अजू. लोकं बघतात गाडीकडे."

"हँडलला नको गो आये, सगळा लूक जातो."

"मग कुठं बांधतोस? माझ्या डोक्याला?"

आईचं मन मोडवेना. त्याने खाली बघितलं, बोल्टला आयतं भोक. पीन काढून सीटखालच्या डब्यात टाकली आणि लिंबाची तार भोकातून ओवून पिळली. तार काय, पीन काय, एकच, असं त्याला वाटलं.

पुढच्या शनिवारी तो उठायच्या आत सोनूबाईनेच सुकलेलं लिंबू काढलं. तार उलगडून फेकली. ताजं लिंबू दोऱ्याने माझ्या कमरेला बांधलं आणि हात जोडले. "माझ्या पोराला सांभाळ गो." जन्मात पहिल्यांदा कोणी मला नमस्कार केला, आणि शेजारचं भोक रिकामं होतं.

नट एकेक आटा सुटत गेला. मी वाजले. जीव तोडून वाजले.

अजिंक्य हसला. "पट्टी परत मस्करी करते."

मंगळवारी उतारावर पुढची एसटी अचानक थांबली. त्याने ब्रेक दाबला. नट आधीच कुठेतरी पडलेला, बोल्ट सरकला, मी कानापासून सुटले. दादा बोलले होते तस्संच झालं. फक्त शेताच्या जागी जांभ्या दगडाचा गडगा, कुंपणाची भिंत होती.

अजिंक्य वाचला. उजवा गुडघा नाय वाचला. बोटीच्या डॉक्टरने नापास केलं, बोट त्याच्याशिवाय गेली. आता पडवीत बसून असतो.

गाडी गॅरेजात ओढून आणली तेव्हा दादांना डब्यात पीन सापडली. तेवढ्यात सोनूबाई आली. "मी माझ्या हातानं जुनं सोडून ताजं बांधलं होतं ओ. तरी कसं झालं?"

दादांनी पीन मुठीत मिटली. मग बोलले, "वैनी, माझं वेल्डिंग सुटलं."

कान तर फोर्कला तसाच घट्ट होता. सोनूबाईने बघितला नाय, बघितला असता तरी तिला काय कळणार? तिच्या वाडीतली एकही गाडी आता या गॅरेजात येत नाय.

दादांनी ती पीन माझ्या भोकात घालून पाय फाकवलेत. वारा आला तरी मी वाजत नाय. वाजायची हौस फिटली.

तुमच्या गाडीचं काही वाजत असेल तर हसू नका, उतरून बघा. आणि कधी सोनूबाई भेटली, तर वेल्डिंगच सुटलं होतं, एवढंच सांगा.