बाळंतिणीचे लाडू

बस अठी चुलीपाशी, कमले. कोणाले सांगू नको, पण सांगतल्याबिगर माह्या जिवाले चैन नाही. काल मी वाशीमले गेली होती, माह्या रुखमीकडं. नाताळ होता त्याहिचा.

तुले तं मालूमच हाये. पोरीनं मिशनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरसंग लगन केलं अन् आमची तोंडं वाकडी झाली. जावई सोन्यासारखा, पण त्याचा आजा वेशीबाहेरचा. त्याहिच्या घरचं पाणी आमाले चालत नाही, बस्, तेवढंच कारण. पह्यलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तं मी तिले आणलं नाही, गेली बी नाही. दुष्काळाचं निमित्त केलं. तवापासून पोरगी माह्याशी एक सबद बोलली नाही.

औंदा ज्वारी बरी हाये. मनात आलं, आता जावं, पोरीले बोलतं करावं. पण त्याहिच्या देवाचा जलम, मंग रिकाम्या हातानं कशी जाऊ? देवाची माय बी बाळंतीणच ना वं! डिंकाचे लाडू केले, खारीक-खोबरं घालून, घरच्या तुपातले. झबलं शिवलं, कुंची शिवली. काजळाची डबी घेतली.

गिरजाघरात पाह्यतो तं काय, गव्हाणीत कडब्यावर लेकरू! मातीचं होतं मना, पण एवढ्या थंडीत अंगावर धड चिंधी नाही. माय वं! मी तं धावलीच. झबलं घातलं, कुंची बांधली, गालाले तीट लावली. लाडवाचा डबा त्याच्या मायपुढं ठेवला अन् डोकं टेकलं. मांगं पोट्टे हासून राह्यले होते. पाद्रीबुवा काही हासले नाही, हात जोडून उभे होते. मले लय बरं वाटलं, खोटं काहून बोलू?

तेवढ्यात रुखमी आली, नातू कडेवर घेऊन. तिनं डबा पाह्यला, कुंची पाह्यली. मने, "माय, माह्या वक्ताले हे कुठी होतं वं?"

वरडली नाही, रडली नाही. धरतीनं पोटात घ्यावं असं झालं मले, कमले. मातीच्या लेकराले झबलं शिवलं मी, अन् पोटच्या पोरीच्या लेकराले एक टाका घातला नाही. देवापुढंच माही मान खाली गेली.

मी मनलं, "चुकलं माहं, बाई. घे, हे लाडू तूच खाय."

"मले नको. माही शेगडी पेटवली, पाठ चोळली, लेकराले न्हाऊ घातलं, ते या मार्थाबाईनं. यायले दे."

मार्थाबाई मंजे तिची सासू. बाजूलेच उभी होती, नवं लुगडं नेसून. मी लाडू उचलला अन् तिच्या ओंजळीत वरून सोडला. आदतच तशी, हाताले हात लागू दिला नाही. सोडल्यावर समजलं मी काय केलं ते. आग लागो माह्या हाताले!

मार्थाबाईनं पाह्यलं, पण तोंडावर काही दाखवलं नाही. लाडवाचे दोन भाग केले अन् अर्धा माह्यापुढं धरला. "घ्या ईनबाई, तुमी बी तोंड गोड करा."

सारं गिरजाघर पाहून राह्यलं होतं. रुखमी माह्या हाताकडं पाहून राह्यली होती. एक घास तोंडात टाकायचा, दुसरं काय करायचं होतं मले? पण साऱ्याहिच्या देखत मन धजलं नाही. मी तो लाडू घेतला अन् पदराच्या गाठीत बांधला. मनलं, "आज मंगळवार, उपास हाये माहा."

कधी उपास केला वं मी मंगळवारी? रुखमीले काय मालूम नाही? तिनं सासूचा हात धरला, लेकरू सावरलं अन् मांगं न पाह्यता निंगून गेली.

यष्टीत खिडकीपाशी जागा भेटली. वाशीमच्या पुढचं मालेगाव सुटलं, गाडी अर्धी खाली झाली. मंग मी पदराची गाठ सोडली अन् तो लाडू खाल्ला. सगळा खाल्ला, कमले. कोणी पाहत नव्हतं मनून.