काचेतलं डावं

चन्नप्पाचं धारूरच्या बाजारात फोटोचं दुकान होतं. माणूस बसवून फोटो काढण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा. पण निजामाच्या तालुकदारसाहेबांनी कचेरीत लावायला किल्ल्याचा नि दरीचा देखावा मागितला आणि गडी तिथं फसला. साहेबांनी पहिला फोटो लांब धरून बघितला. "ये किला है के वारूळ?" म्हणाले, आणि अख्खी कचेरी हसली. दुसरा चांगला आणला नाही तर काम बीडच्या फोटोवाल्याला जाणार होतं. चन्नप्पाला त्या रात्री भाकर गोड लागली नाही.

मग त्यानं डोकं चालवलं. भर दुपारचं ऊन डोंगराला चपटं करून टाकतं, म्हणून दिवस कलल्यावर जायचं. आणि दरी केवढी खोल ते कळायला काठावर माणूस उभं पाहिजे. दुसरं कोण ऐकणार त्याचं? बायकोला, उमाबाईला, घेऊन तो कड्यावर गेला.

ती कॅमेऱ्याकडं तोंड करून ताठ उभी राहिली.

"अगं, लग्नाला उभी हायेस का? तिकडं दरीकडं बघ."

ती वळली. तिच्या पुढं दरी, डाव्या हाताला तुटलेला कातळ, आणि त्या काठावर कुसळी गवत माजलेलं. चन्नप्पा कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरला.

आता कॅमेऱ्याच्या काचेत जग उलटं दिसतं. डोकं खाली, पाय वर, आणि डावं उजवीकडं. दुकानात याचं काही अडत नसे. समोर तोंड करून बसलेल्याचा डावा हात आपल्या उजवीकडं येतो, तो काचेत उलटून पुन्हा डावीकडंच दिसे, त्यामुळं काचेत बघून "डावीकडं" म्हणलं की माणूस बरोबर सरके. सवयच पडली होती तशी. इथं बायको पाठमोरी आहे, हे काही या शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

तिच्याआड किल्ल्याचा बुरूज झाकला जात होता.

"डावीकडं सरक."

ती सरकली. काचेत मात्र उजवीकडं गेली.

"डावीकडं म्हणलं मी."

ती आणखी सरकली. ऊन उतरत चाललं होतं, बुरुजावरची पिवळी तिरीप निघून गेली की खेळ खलास. चन्नप्पाचं डोकं फिरलं.

"लई शानी हायेस. डावं-उजवं कळंना का तुला? डावीकडं!"

उमाबाईनं पाऊल उचललं. काचेत तिच्या पायाजवळून एक दगड सुटला आणि वर गेला. चन्नप्पा बघतच राहिला. दगड वर कसा जाईल? मग उमगलं, काचेतलं वर म्हणजे खरं खाली, दरीत.

त्यानं कापड फेकलं. उमाबाईचा डावा पाय गवतावर होता आणि गवताखाली काही नव्हतं. ओरडलो तर दचकून वळेल. पळालो तरी तेच. उजवीकडं म्हणावं, तर त्याला स्वतःलाच आता कुठलं उजवं ते सुचेना. त्यानं आपले हात बघितले.

"उमा," तो हळू म्हणाला. लग्न झाल्यापासून त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. "वळू नको. जेवायच्या हाताकडं सरक. बस, तशीच."

ती सरकली, मग आणखी सरकली, आणि खडकावर मट्‌कन बसली. चन्नप्पा तिच्यापाशी पोचला.

"तुला कडा दिसत न्हवता का गं?"

"दिसत हुता की."

"मग कशाला सरकलीस?"

"तुमी रागं भरलात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला वाटलं, तुमाला तितनं नीट दिसत आसंल. आजून एकदा म्हणला असता, तर सरकले असते."

चन्नप्पा तिच्याशेजारी खाली बसला, आणि समोरच्या बुरुजावरचं ऊन गेलं तरी तिथनं उठला नाही.