शुगरवाल्यांचा भात

भीमेश्वर मास्तरांना शुगर होऊन अकरा वर्षं झाली होती, आणि शेवटची चार त्यांनी भाताच्या आठवणीवर काढली होती. परसदारातून पाऊल टाकलं की भाताच्या खाचरात पडावं असं त्यांचं अत्तिली गाव; पण मास्तरांच्या पानात दुपारी मोजून एक वाटी भात आणि रात्री ज्वारीची भाकरी.

"मंगा, ही भाकरी आहे की वहीचा पुठ्ठा?" ते रोज विचारायचे.

त्यांची बायको मंगतायारु ताट पुढे सरकवायची. स्वतःचा भात ती स्वयंपाकघरात, त्यांच्याकडे पाठ करून उभ्यानंच उरकायची.

दसऱ्याला त्यांची मुलगी हैमा हैदराबादहून आली ती पाच किलोची पिशवी घेऊन. "आई, हा शुगरवाल्यांचाच तांदूळ आहे. आता बाबांना पोटभर वाढ."

पिशवीवर हिरवं पान, लाल हृदय आणि नातवाला खांद्यावर घेऊन हसणारे एक आजोबा. मास्तरांनी चष्मा पुसून वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचलं, "मधुमेहींसाठी खास. साखर हळू वाढवणारा तांदूळ. डॉक्टरांची पसंती." मग पिशवी थोपटत म्हणाले, "छापलंय म्हणजे तपासूनच छापलं असणार. उगीच कोण छापील?"

त्या दुपारी त्यांनी पप्पू, म्हणजे घट्ट वरण, कालवून, वर तुपाची धार घेऊन तीनदा भात घेतला. शेवटी ताक-भात आणि आंब्याचं लोणचं. खाताना त्यांचे डोळे भरून आले. चार वर्षांत मंगतायारु पहिल्यांदाच त्यांच्यासमोर पान मांडून जेवायला बसली.

'हळू वाढवणारा'चं घरात बघता बघता 'न वाढवणारा' झालं, आणि महिन्याभरात 'उतरवणारा'. सकाळीही भात शिजू लागला. पान आवरतं घेतलं तर मंगतायारुच आग्रह करायची, "घ्या हो अजून थोडा, औषधच आहे ते." पिशवी संपत आली की हैमा दुसरी धाडायची. संक्रांतीच्या सुमारास मास्तरांनी रात्रीची गोळी बंद केली. दोन-दोन औषधं कशाला, असं त्यांचं म्हणणं. रक्त तपासायलाही ते जाईनात.

समोरच्या घरात सुभद्रम्मा राहायची. विधवा बाई, शुगर तिलाही होती. मास्तरांनी तिला ओट्यावर बोलावून पिशवी वाचून दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण मास्तरांच्या हाताखालून तिची तिन्ही मुलं शिकून गेली होती. दुसऱ्याच दिवशी तिच्याकडेही तो तांदूळ आला.

शिवरात्रीनंतर मास्तरांच्या उजव्या अंगठ्याला फोड आला. दुखत नव्हता म्हणून त्यांनी हळद लावली. आठ दिवसांत अंगठा काळा पडला आणि खोलीत वास येऊ लागला. तेव्हा कुठे मंगतायारुनं त्यांना भीमावरमच्या दवाखान्यात नेलं. शुगर निघाली चारशे बारा. आधी दोन बोटं काढली, आणि नवव्या दिवशी गुडघ्याखालून पाय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अम्मा, घरी काय खातात हे?"

मंगतायारुनं घरून आणलेली पिशवी पुढे केली. अजूनही तिला वाटत होतं, निदान एवढी एक गोष्ट तरी आपण नीट केली.

बाईंनी पिशवी उलटी केली, मागची बारीक अक्षरं वाचली. "इथे लिहिलंय, एका वेळी लहान वाटीभर शिजलेला भात, औषधं चालू ठेवून. किती खायचे?"

"तीन वेळा. पोटभर."

"साखर जरा सावकाश चढते इतकंच, अम्मा. चढते ती चढतेच. भात तो भातच."

"पण पुढे मोठ्या अक्षरात डॉक्टरांची पसंती..."

"कुठल्या डॉक्टरची? मला तर कुणी विचारलं नाही." बाई पुढच्या खाटेकडे वळल्या.

कपडे न्यायला मंगतायारु घरी आली ती आधी सुभद्रम्माकडे गेली. चुलीवर तोच भात रटरटत होता.

"सुभद्रम्मा, हा बंद कर. ह्यानंच त्यांचा पाय गेला."

"भातानं कुठे पाय जातो, वहिनी? मास्तर चोरून पूतरेकुलूसारखं गोडधोड खात असतील. पुरुषांचं तुम्हा-आम्हाला काय कळतंय?"

"मी वाढलंय गं! माझ्या हातानं!"

सुभद्रम्मानं पळीनं भात हलवला. "मास्तरांनी स्वतः वाचून दाखवलंय मला. ते सांगू देत, मग बघू."

मास्तर घरी आले. मंगतायारुनं चार दिवस जाऊ दिले, मग म्हणाली, "अहो, एकदा सुभद्रम्माला सांगा ना. तुमचंच ऐकेल ती."

"काय सांगू?"

"की आपलं चुकलं."

मास्तरांनी पांघरूण गुडघ्यावर ओढलं. "फोड चपलेनं आला होता. तांदळाचा काय संबंध? हा खात नसतो तर दोन्ही पाय गेले असते."

पुन्हा एक वाटी आणि भाकरी सुरू झाली. पहिल्या दिवशी त्यांनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी हैमाला फोन करून पिशवी मागितली. मंगतायारुनं फोन काढून घेतला. पलीकडे हैमा रडत होती, "मीच आणला गं आई, मीच." मंगतायारुला तिची समजूतही घालता येईना. आणला तिनं होता, पण आग्रह कुणी केला होता?

रोज सकाळी ती त्यांचा उरलेला पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्या बघू लागली. मास्तर तोंड फिरवायचे. जूनमध्ये एका सकाळी करंगळीजवळ वाटाण्याएवढा फोड दिसला. तिनं पायावर टॉवेल टाकला आणि रिक्षा बोलावली.

रिक्षा निघताना सुभद्रम्मा फाटकात आली. "कुठे निघालात मास्तर?"

"नेहमीची तपासणी," मास्तर म्हणाले.

मंगतायारुनं टॉवेल बाजूला केला. "दुसरा पाय, सुभद्रम्मा. बघून घे."

मास्तर ओरडले नाहीत. दोन्ही बायकांकडे न बघता हळूच म्हणाले, "पिशवीचं मागचं वाचलं नव्हतं मी. अक्षर बारीक होतं." आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "चल रे."

तो पाय वाचला. वेळेत नेला म्हणून, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुभद्रम्मानंही त्याच आठवड्यात रक्त तपासून घेतलं. तिची मूत्रपिंडं तोवर जवळजवळ निकामी झाली होती. आता आठवड्यातून दोनदा तिचा मुलगा तिला रक्त शुद्ध करून घ्यायला भीमावरमला नेतो. जाताना ती मास्तरांच्या ओट्याकडे बघत नाही, आणि मास्तरही तेवढ्या वेळापुरती खुर्ची आत घ्यायला सांगतात.