रुग्णानं बाहेर थांबावं

राजाभाऊंना खोलीबाहेर बसवा, असं इस्मतनंच सांगितलं होतं. त्यामुळे त्यांच्याजवळ बसायची पाळीही तिच्यावरच आली.

इस्मत सौदीतल्या हुफूफ शहरात एका खासगी हॉस्पिटलात विम्याचे क्लेम बघायची. मूळची हर्णैची, लग्न होऊन इकडे आलेली. राजाभाऊ नाशिकचे, तेलाच्या प्लांटवर मेंटेनन्स इंजिनियर. ड्यूटीवरच झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. तोंडातून एकच अक्षर फुटायचं, ‘पा’. कंपनी त्यांना नाशिकला परत पाठवणार होती. पण घरी सांभाळणारं माणूस तयार झाल्याशिवाय डॉक्टर विमानात बसू देईनात. ते माणूस म्हणजे त्यांची बायको, शीलाताई.

पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, कूस कशी बदलायची, घास कसा भरवायचा, हे शिकवायचे पैसे विमा द्यायचा. अट एवढीच, की शिकवणी नातेवाइकाची, तेव्हा रुग्ण खोलीत नको. तो खोलीत असला की ते त्याचे उपचार धरले जात, आणि उपचारांची मंजुरी केव्हाच संपली होती. पहिल्या शिकवणीला राजाभाऊ खोलीतच होते. सगळा वेळ ‘पा, पा’ करून ओरडत होते. फिजिओथेरपिस्ट सुबोधनं रिपोर्टात ते खरं खरं लिहिलं आणि क्लेम परत आला.

“पुढच्या वेळी पेशंट बाहेर,” इस्मतचे साहेब म्हणाले. “खलास.”

इस्मतनं ते सुबोधला सांगितलं, म्हणून आता खोलीचं दार बंद होतं, कॉरिडॉरमध्ये चाकाच्या खुर्चीत राजाभाऊ होते आणि शेजारच्या बाकावर इस्मत. नर्सला दुसऱ्या वॉर्डात बोलावलं होतं. टेबलावर कामाचा ढीग पडला होता, म्हणून इस्मतचा एक डोळा फोनवर होता. पण राजाभाऊ तिला फोन बघू देईनात. डावा पाय फरशीवर आपटत, डाव्या हातानं चाक ढकलत, खुर्ची तिरकी तिरकी दाराकडे नेत.

“भाऊ, थोडा वेळ थांबा. आत जायचं नाही आपल्याला.”

“पा!”

“पाणी हवंय?” ठसका लागू नये म्हणून नर्सनं पावडर घालून दाट केलेलं पाणी ठेवलं होतं. इस्मतनं पेला त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तो असा झटकला की अर्धं पाणी तिच्या अबायावर सांडलं.

“बरं, पाणी नको. पाय दुखतोय? पायाखाली उशी देऊ?”

त्यांनी मान हलवली. नाही. कपाळावरची शीर तटतटली. आतून सुबोधचा आवाज येत होता, “गुडघ्यात वाका, ताई. आता उचला.” पाठोपाठ शीलाताईंचा दबका हुंकार.

तो ऐकला मात्र, राजाभाऊंनी डावा हात लांब केला आणि इस्मतच्या कमरेच्या वर थाडकन मारला.

इस्मत उठून उभीच राहिली. कानशिलं तापली. परका पुरुष, भर कॉरिडॉर, आणि समोरून फाइल घेऊन एक सौदी बाई येत होती. तिनं बघितलं का? आजारी माणूस आहे, त्याला कळत नाही, असं इस्मतनं मनाला समजावलं. पण राग काही उतरेना. “भाऊ, हे काय?” ती जरा कडकच बोलली.

राजाभाऊंनी हात मागे घेतला नाही. तसाच लांब धरून त्यांनी तिच्या पाठीकडे बोट केलं आणि मग दाराकडे. पुन्हा पाठ, पुन्हा दार. डोळ्यांत पाणी आलं होतं.

“पा,” ते म्हणाले, या वेळी अगदी हळू.

“पाठ?” इस्मतच्या तोंडून निघालं. “शीलाताईंची पाठ?”

त्यांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली.

इस्मतनं दार न वाजवताच उघडलं. पलंगावर सुबोध रुग्ण होऊन अंग सैल सोडून पडला होता आणि शीलाताई त्याच्या कमरेचा पट्टा धरून त्याला उठवत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. खालचा ओठ दातांत.

“शीलाताई, तुमच्या पाठीला काही त्रास आहे का?”

“नाही,” त्या ताडकन म्हणाल्या. “कोण म्हणालं?”

बाहेरून आरोळी आली, “पा!”

सुबोध उठून बसला. “ताई, पट्टा सोडा. आधी बसा बरं.”

शीलाताई बसल्या नाहीत. भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. मणक्यातली गादी सरकली होती, नाशिकला ऑपरेशन झालं होतं, वजन उचलायचं नाही असं सांगितलं होतं, हे सगळं मग एकेक करून त्यांच्याकडून काढून घ्यावं लागलं. “सांगितलं असतं तर सोडलं असतंत आम्हाला?” त्या इस्मतवर उसळल्या. “नोकरी गेली, इकामा संपत आलाय, मग इथं राहताही येणार नाही. मला त्यांना घरी न्यायचंय. तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं होतं ना? मग बसायचं होतं बाहेर!”

इस्मत दाराच्या चौकटीत उभी राहिली आणि तिच्यामागून राजाभाऊ मान वाकडी करून बायकोकडे बघत राहिले.

शिकवणी तिथंच थांबली. साहेबांनी हात जोडले. “दोन क्लेम पाण्यात. तू काय डॉक्टर आहेस?” मंजुरी एकाच माणसाच्या नावावर होती, शीलाताईंच्या. इस्मतनं नाव बदलायचा अर्ज केला आणि पुण्याला शीलाताईंच्या मुलाला, अनुरागला, स्वतः फोन लावला. “आईनं मला कळूच दिलं नाही,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मग त्याच्या व्हिसाची वाट, विमा कंपनीच्या उत्तराची वाट. इस्मतचं कशात चित्त लागेना. पोळ्या करपल्या, मुलीच्या शाळेची मीटिंग विसरली. तिचा नवरा शौकत म्हणाला, “तू केलंस ते बरोबरच होतं ना? मग?” मग काय, ते तिलाही सांगता येईना. बरोबर होतं म्हणून शांत वाटायला हवं होतं, ते काही वाटत नव्हतं. कॉरिडॉरमध्ये शीलाताई समोरून आल्या की मान वळवून जात.

मंजुरी आली. अनुरागही आला. धिप्पाड, पण वडिलांना हात लावताना बुजणारा. सुबोधनं त्याला दार लावून शिकवलं. बापाला पहिल्यांदा अलगद उचलून खुर्चीत ठेवलं, त्या दिवशी तो बाथरूममध्ये जाऊन रडला, असं सुबोधनं नंतर सांगितलं. भरवायचं काम तेवढं शीलाताईंकडे राहिलं.

निघायच्या सकाळी अॅम्ब्युलन्स पोर्चमध्ये उभी होती. इस्मत खाली आली, पण जवळ जावं की नाही ते तिला ठरवता येईना. शीलाताईच चालत आल्या.

“माझा राग गेलेला नाही,” त्या म्हणाल्या.

“असू दे.”

“अनुरागची रजा महिन्याभराची. त्यानंतर त्यांना कोण उचलणार?”

“नाशिकला माणूस ठेवावा लागेल, ताई. पुरुष अटेंडंट.”

“यांना परक्याचा हात चालेल का?” शीलाताईंनी मागे वळून बघितलं. अनुराग पट्टा आवळत होता. “मला झोप लागत नाही हो. डोळा लागला की वाटतं, ते पडतायत आणि मी नुसती बघत उभी आहे.”

इस्मतनं त्यांचा हात धरला, आणि शीलाताईंनी तो सोडवून घेतला नाही. गाडीचा दरवाजा लागेपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या. मग ड्रायव्हरनं “यल्ला, मदाम” म्हणून घाईची हाक मारली आणि शीलाताई, एक हात कमरेवर ठेवून, सावकाश पायरी चढल्या.